खरखर परत घालणारा माणूस

नाही, पण मला एक सांगा, ज्या माणसानं बत्तीस वर्षं लोकांच्या फोनमधली खरखर काढली, त्याला म्हातारपणी बोलावून म्हणायचं, "काका, तेवढी खरखर परत घालून द्या ना"... हे काय बोलणं झालं? हसू नका! माझ्याच बाबतीत झालंय. मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. खांबावर चढा, तारांच्या जोडांची डबी उघडा, गंजलेला जोड घासा, स्क्रू आवळा, खाली उतरा, की पुढची तक्रार खांबाखालीच उभी! बत्तीस वर्षं मी खरखर काढली हो, खरखर! आणि लेखी म्हणाल तर एक चांगला शब्द नाही. आमची ही येईल त्याला सांगते, "यांच्या फायलीत नुसत्या तक्रारी, आणि निम्म्यांवर वकीलसाहेबांची सही!"

वकीलसाहेब म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले. फोनमध्ये जरा कुठे खुट्ट झालं की माणूस कागद पुढ्यात ओढायचा. (नाकातून बोलायचे, हं!) "अर्जदाराच्या दूरध्वनीत असह्य खरखर असून, वारंवार कळवूनही संबंधित लाइनमन बेजबाबदारपणे..." एकोणीस स्मरणपत्रं! माझं प्रमोशन गेलं त्या एकोणीस कागदांत. गेलं तर गेलं, पण मरायच्या आधी या माणसाच्या हातून एक ओळ पाहिजे, की बाबा, काम चांगलं केलंस. एवढीच इच्छा. जास्त आहे का?

तर निवांत बसलो होतो, आणि चौकात ते कॅफे निघालं. 'कालचं घर' म्हणे! मालकीण माझ्या मुलीच्या वयाची. आत गेलो आणि काय सांगू तुम्हाला, डोकंच फिरलं! खुर्च्या कोऱ्या करकरीत, पण सुताराला वरचे पैसे देऊन प्रत्येकीचा एक पाय आखूड करून घेतलेला. का? तर "तेव्हा डुगडुगायच्या ना काका!" कप कारखान्यातूनच टवके उडवून आलेले. वेटर बिचारा गुणी मुलगा, त्याला आठवडाभर खेकसायला शिकवलेलं... "काय पाहिजे? लवकर बोला!" असं म्हणतो आणि हळूच कानाशी येऊन विचारतो, "जास्त झालं का हो?" आणि प्रत्येक टेबलावर काळा, डायलवाला फोन. या टेबलावरून त्या टेबलावर लावायचा. त्याआधी अर्धा तास नंबराची वाट बघायची, आणि वाट बघण्याचे वेगळे पैसे! अहो, तेव्हा आम्ही लोकांना हे फुकट देत होतो आणि वर शिव्या खात होतो!

मालकीण म्हणाली, "काका, सगळं जमलंय, पण आवाज फारच स्वच्छ येतो. गिऱ्हाइकांना मजा येत नाही." मी ताडकन उठलो. म्हटलं, बाई, बत्तीस वर्षं मी खरखर काढली... तेवढ्यात बघतो तर दारातून कोण? वकीलसाहेब! सोबत बाईसाहेब. एक तीन नंबरला बसले, एक सात नंबरला. वकीलसाहेबांनी फोन लावला आणि तोंड पाडून म्हणाले, "छे! लग्न ठरल्यावर मी हिला फोन करायचो तेव्हा 'आवडतेस' हा एक शब्द चार वेळा ओरडून सांगावा लागायचा. ती आपली 'काय? काय?' करायची. काय दिवस होते! ती खरखर परत मिळाली, तर मी या कॅफेच्या अभिप्रायाच्या वहीत पानभर लिहीन."

पानभर! वकीलसाहेब! मी हत्यारांची पिशवी आणायला घरी पळालो. आमची ही म्हणाली, "आता ते तरी धड करा."

आणि केलं हो! जोड सैल केले, स्क्रूखाली गंजकी तार दिली, डबीत ओला कापूस कोंबला. आयुष्यभर ज्याच्याशी भांडलो त्याची नस न नस ठाऊक ना मला! काय खरखरले ते फोन, वा! अंगावर काटा आला माझ्या. मालकीण नाचायचीच राहिली होती. वकीलसाहेब म्हणाले, "रविवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस. सगळ्या पाहुण्यांसमोर फोन करतो, मग लिहितो."

रविवारी सकाळी म्हटलं एकदा नजर टाकावी, कुठे कमी नको पडायला. डबी उघडली. आत बघतो तर गंज! ओल! सैल जोड! आता तुम्हीच सांगा, बत्तीस वर्षांचा हात... तो मला विचारतो काय? घास घास घासलं, कापूस फेकला, स्क्रू आवळले, 'हॅलो हॅलो' करून बघितलं, समाधानानं डबी बंद केली आणि घरी येऊन जेवलो! घास तोंडात असताना आठवलं. अगं आई गं!

धावत गेलो. पाहुणे भरलेले. वकीलसाहेबांनी छाती भरून श्वास घेतला आणि तीन नंबरवरून ओरडले, "आवडतेस!" सात नंबरवरून बाईसाहेब शांतपणे म्हणाल्या, "ओरडताय कशाला? स्वच्छ ऐकू येतंय." झालं! दुसऱ्यांदा ओरडायची सोयच राहिली नाही. वकीलसाहेबांनी वही मागवली. तेच अक्षर, तीच नाकातली पुटपुट... "प्रस्तुत दूरध्वनीत कणभरही खरखर नाही. आवाज आरशासारखा स्वच्छ आहे. संबंधित लाइनमन..."

पुढचं मी वाचलंच नाही! कणभरही खरखर नाही! आरशासारखा स्वच्छ! खाली सही! बत्तीस वर्षं याच दोन ओळींसाठी मी खांबावर लटकत होतो. डोळे भरून आले हो माझे. मालकिणीला म्हटलं, बाई, कामावरून काढ, पण तेवढं पान मला दे. ती वही छातीशी धरून नाचतेय, "काका, अस्सल तक्रार! अस्सल वकिलाची! असं कुठे मिळतं आता?" दुसऱ्या दिवशी चौकटीत घालून भिंतीवर. दारात नकला विकायला. बाजूला उभं राहून फोटो काढायचे वेगळे पैसे.

माझ्या घरातही लागलीय एक. फुकट? छे हो! अर्धा तास रांगेत उभा राहून विकत आणली... आणि वर त्या वेटरनं खेकसून दिली!