पिस्ता रंगाची व्हॅन आणि चर्चची चढण

टोस्टर म्हणाला हो, टोस्टर! माझ्या गाडीला! अख्ख्या ख्रिस्टियाना गावासमोर, दुकानाच्या ओट्यावर बसून, हातात बाटली धरून माझा मेहुणा एव्हरल्ड म्हणतो, "लिनव्हल, टोस्टर झकास आहे, पण त्याला चाकं कशाला लावलीस?" आणि सगळे खो खो हसले. आता तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस. या गावातल्या निम्म्या पोरांच्या अंगावरचे खाकी गणवेश माझ्या हातचे, माझ्याविषयी बोलताना माणसाने थोडी लाज बाळगावी की नाही?

गाडी लहान आहे, मान्य. जपानहून बोटीत बसून किंग्स्टनला आली बिचारी, मोठी असती तर बुडाली नसती का बोट? पण तिचं तोंड बघा ना! गोल गोल डोळे, चकचकीत बंपर, वर साय आणि खाली पिस्ता. जुन्या काळी गोरे लोक ज्या गाड्यांत संसार थाटून समुद्रावर पडून राहायचे ना, हुबेहूब तशी. आत फुलाफुलांचे पडदे, घडीचं टेबल... हे सगळं पुढून पाहिलं तर. मागून पाहू नका. मागून पावाचा डबाच आहे. आणि सीटखाली इंजिन म्हणजे सुपारीएवढं. पण मन बसलं तिच्यावर, आता काय करणार?

शिवाय आत एक बाई आहे. म्हणजे बाई नाही, नुसता आवाज. किल्ली फिरवली की जपानीत काहीतरी गोड बोलते, काय ते आजवर कुणाला कळलेलं नाही. माझ्या बायकोने, पर्लीनने, पहिल्यांदा ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मिस्टर पॉवेल, ही कोण?" चिडली की मी मिस्टर पॉवेल. आणि आमच्या चर्चमधल्या मिस इसी, ऐंशी कधीच ओलांडलेल्या, त्या मात्र तो आवाज आला की डोळे मिटतात आणि म्हणतात, "आमेन."

हेही मी गिळलं असतं हो. पण आमच्या नेरिसाचं लग्न ठरलं. एकुलती एक पोर! आणि तारीख ठरते न ठरते तोच हा एव्हरल्ड उठून म्हणतो, "नवरीला चर्चला माझ्या ट्रकमधून नेऊ. रिबिनीसुद्धा आणल्यात." त्याचा तो ट्रक! एकेक चाक माझ्या छातीएवढं. आता बापाने मुलीला चर्चला न्यायचं ते कुणाच्या गाडीतून? मेहुण्याच्या? मी म्हटलं, "माझी मुलगी माझ्या गाडीतून जाईल. नाही म्हणजे नाही."

"चढण चढेल का?" एव्हरल्डने विचारलं.

इथे सगळं अडतं बघा. आमचं चर्च डोंगराच्या शेंड्यावर. ज्याने ते तिथे बांधलं त्याला फक्त बकऱ्यांनाच स्वर्गात न्यायचं असावं. रस्ता एकाच गाडीचा, आणि मध्ये फणसाच्या झाडापाशी असं काही वळण की ट्रकसुद्धा कण्हतात. नेरिसाने दोघांकडे पाहिलं आणि निकाल दिला, "डॅडी, तुमची गाडी चढली तर मी तिच्यातूनच येणार. अडली तर मात्र मामाच्या ट्रकमध्ये बसणार, लग्नाला उशीर नको." पोर माझी, पण डोकं आईचं!

झालं. रविवारी चाचणी. आता रिकामी गाडी गेली असती चढून, पण आमच्याकडे गाडी रिकामी असते का? ओळखीचं माणूस कडेला उभं आहे आणि तुम्ही पुढे निघून गेलात? त्यापेक्षा अंगावर घाला गाडी, निदान तो नंतर चारचौघांत सांगणार तरी नाही! आणि आत बसलेल्यांनी जागा नाही असं म्हणायची रीत नाही. आत बसलेल्यांना म्हणायचं, "लहान व्हा!" सरकायचं, आखडायचं, पोटं आत घ्यायची. लहान व्हा, आणखी एकाची जागा आहे! असं करत करत मिस इसींसकट चर्चमधली निम्मी गाणारी मंडळी आत आली आणि फणसाच्या वळणावर गाडीने एक उसासा टाकला. थांबली. मग हळूच मागे निघाली... मी घाईने किल्ली फिरवली, आतली बाई काहीतरी बोलली, मिस इसी म्हणाल्या, "आमेन," आणि आम्ही उलटे खाली.

मी हरलो असं वाटलं तुम्हाला? छट्! दुसऱ्या दिवशी घडीचं टेबल काढलं. पडदे काढले. जादा चाक काढलं. मग स्वतःकडे वळलो. डंपलिंग, म्हणजे आमचे ते पिठाचे उकडलेले गोळे, सोडले! नुसता पाला खाऊन राहिलो. तर पर्लीन म्हणते, "गाडीसाठी डंपलिंग सोडलेस, माझ्यासाठी कधी रम सोडलीस?" मी पाल्याचा आणखी एक घास तोंडात कोंबला. निर्धार केलेला माणूस बोलत नाही.

फक्त एका बाबतीत चुकलो. पोशाख! मुलीचा लग्नाचा झगा आणि बाप शिंपी, हात आखडता घेईल का? घेर दिला, घेरावर घेर दिला, खाली झालर दिली, मागे हा एवढा लांब पदर. लग्नाच्या सकाळी नेरिसा मागच्या सीटवर बसली आणि अहो, गाडी भरली! पांढरं कापड माझ्या खांद्यावरून पुढे, गियरवर, ब्रेकवर... समोरचा रस्ता दोन झालरींच्या फटीतून बघायचा. म्हटलं ठीक आहे, आज तरी कुणाला जागाच नाही.

आणि चढणीच्या पायथ्याशी उभ्या कोण? मिस इसी. डोक्यावर टोपी, हातात लग्नाचा काळा केक, महिनोन्‌महिने रममध्ये भिजवलेल्या मनुका घातलेला. आता सांगा, थांबू नको? मागून एव्हरल्डचा ट्रक, त्यात पर्लीन, त्यामागे सगळं वऱ्हाड. मी काच खाली केली आणि माझ्याच तोंडून निघालं, "नेरिसा, लहान हो."

मिस इसी झग्यात बुडाल्या, वर नुसती टोपी दिसत होती. निघालो. पहिला गियर. मी देवाचं नाव घेतो, गाडी कण्हते... आणि फणसाचं वळण आलं. उसासा. थांबली!

मागून एव्हरल्ड ओरडला, "लिनव्हल, दोर बांधू?"

"दोर बांधायचा तर माझ्या गळ्यात बांध!" मी म्हटलं. ब्रेकवर उभा राहिलो होतो मी, अक्षरशः उभा. चर्चची घंटा वाजायला लागली. काहीतरी उतरवायला हवं. पण काय? मिस इसी म्हणाल्या, "लेकरा, देवाने मला जागा दिली आहे, मी उतरणार नाही." केक त्या हातातून सोडणार नव्हत्या, म्हणजे तो मार्गही गेला. झगा तर... मग माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्याकडे बघताहेत.

नेरिसा हळूच म्हणाली, "डॅडी, तुम्ही उतरा. मी चालवते."

आता गाडी शिकली ती हिच्यावरच, मीच शिकवली. पण मी? माझ्याच गाडीतून मी? इतका पाला खाऊन? हातब्रेक खेचला, चाकांमागे दगड लावले, उतरलो. तिने झगा गोळा केला, पुढे येऊन बसली, किल्ली फिरवली. बाई बोलली. "आमेन!" आणि माझी पिस्ता गाडी अशी चढली म्हणता, पदराचं टोक दारातून फडफडतंय आणि पोर मागे वळूनसुद्धा बघत नाही...

एव्हरल्डने दार उघडलं. "चल, बस."

"बसणार नाही."

"बरं, मग बाजूला तरी हो."

"होणार नाही!" नवरीच्या बापाआधी ट्रक पोहोचतो की काय? रस्त्याच्या मधोमध चाललो मी, नवे बूट चावताहेत, मागे ट्रक, ट्रकमागे अख्खं वऱ्हाड गोगलगाईसारखं, भोंगे वाजताहेत, मी तसूभर हललो नाही. वर पोहोचलो तर नेरिसा चर्चच्या दारात उभी. आत गेली नव्हती. माझा घाम पुसला तिने, झग्याच्या झालरीने, माझ्याच शिवणीने, आणि म्हणाली, "तुमच्याशिवाय कशी जाऊ?" मग मी तिचा हात धरला आणि नेली हो आत, मीच नेली.

जेवणं झाली, नाचून झालं, आणि नेरिसा नवऱ्याला घेऊन समुद्राकडे निघाली. कशातून? विचारूच नका. "डॅडी, ही तुमच्यापेक्षा माझंच ऐकते," म्हणाली, आणि दिली मी किल्ली. पडदेही परत लावून दिले. गोल डोळे मिचकावत माझ्या दोघी, पोर आणि गाडी, उतरणीवरून गेल्या.

आणि मी? माझी गाडी गेली, नव्या बुटांनी पाय सोललेले, उरला कोण? एव्हरल्डचा ट्रक. पुढे पर्लीन आणि मिस इसी, मागे बकऱ्याच्या सुपाची रिकामी पातेली, खुर्च्या आणि त्यांच्यामध्ये मी. तेवढ्यात कडेला कुणीतरी ओळखीचं दिसलं. ट्रक थांबला, एव्हरल्डने डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "लिनव्हल, लहान हो रे जरा."

काय करता... झालो.