डाव्या हाताची पोर

न्हाय मास्तर, रंगू शाळंत येनार न्हाय. बसा ना, पडवीत सावली हाय — पानी घ्या, पन उत्तर तेच. दिपोटी साहेब तपासनीला येनार, पट भरलेला दिसाया पायजे, म्हनून आलात न्हवं? शेजारच्या अंबाजीची पोरं, सोनूबाईची कोकिळा, समदी हल्ली माज्याच अंगनात असतात, व्हय. पन मी कुनाला बोलवाया गेले नव्हते. माजी पोर इथं काय करते ते बघाया आली, आन ऱ्हायली.

काय करते म्हंता? हे बघा, हा खाडीचा चिखल. ह्याची तिनं खाडी केली, हा आमचा बांध, ही मिठागरं. शिंपले ठेवलेत ती गावं — हे रेवस, हे किहीम, पार खाली चौल, माजं म्हायेर. बाप मुंबईला गोदीत, तर त्याची आगबोट कुठनं कशी जाते ते तिला बघायचं होतं. अक्षरं राखेत काढते, बोटानं. परवा म्हनली, आये, मिठागरातलं पानी उडून जातं, मंग मीठ का न्हाय उडत? मी काय सांगनार? मला न्हाय ठावं. म्हटलं, बघूया. एका थाळीत खाडीचं पानी ठेवलं, एका थाळीत विहिरीचं, आन पोरं उनात राखन करत बसली. विहिरीच्या थाळीत पन जरासा पांढरा डाग ऱ्हायला, त्यावर त्यांचं भांडन अजून चाललंय — आता शाळंत असं कुनी इचारलं असतं तर — बरं, जाऊ द्या. तुमी वाईट शिकवता असं मी कदी म्हटलं न्हाय.

पन तिचं बोट बघितलंत का परत? डाव्या हाताचं, मधलं? वाकडंच बसलं ते. डाव्या हातानं लिवते, एवढाच गुन्हा — त्यावर तुमी रूळ मारलात. मंग उजव्यानं लिवलं, अक्षर बिघडलं, त्याला पन मारलंत. घरी आली तर जेवताना हात परकराखाली लपवून बसली. गाव म्हनालं, मास्तरांनी चांगल्यासाठीच मारलं. चांगल्यासाठी. माज्या आईनं पन चांगल्यासाठीच केलं — हा डाग बघा, मनगटावर. पाव्हन्यांना डाव्या हातानं वाढलं म्हनून चुलीतला निखारा... ऱ्हाऊ द्या ते. रंगूच्या बापाला सुदीक हे सांगितलेलं न्हाय, तुमाला कशाला सांगत बसले.

तवाच ठरवलं, हिनं ज्या हातानं येतं त्या हातानं लिवायचं. मी शिकवते? मला कुठं येत होतं मास्तर? ती काढायची, मी बाजूला बसून तसंच काढायची — डाव्याच हातानं. 'ठमाबाई' लिवता येतं मला आता. हसू नका. हसत न्हाय? बरं.

पन खरं सांगू — आता अडलंय. तुमच्याकडनं जेवढं घेऊन आली होती तेवढं संपलं. जोडाक्षर आलं की दोगी बी थांबतो. ती राखेत नुसतीच रेघा मारत बसते, म्हनते, आये, फुडचं कोन सांगनार? तवा माजा जीव तुटतो. काय म्हनालात? डाव्या हातानं लिवू द्याल? दिपोटी साहेबाच्या फुडं पन? बोललात हां तुमी. मंग — मंग मी इचार करते. मी काय आडमुठी बाई न्हाय.

हे काय, पिशवीतनं पुस्तक काढलंत? फुडच्या यत्तेचं? तुमीच द्या तिच्या हातात. रंगू, इकडं ये गं, मास्तरांनी पुस्तक आनलंय. चिखल धू आदी. हां, घे —

का मास्तर? पुस्तक मागं का घेतलंत? तिनं डावा हात फुडं केला म्हनून? 'उजव्या हातानं घे' — आत्ता म्हनालात तुमी. माज्या पडवीत बसून म्हनालात.

तोंडातनं गेलं, सवय हाय, म्हंता. व्हय, सवयच हाय. शाळंत तर मी नसनार समोर.

रंगू, जा बाय, पोरं थांबलीत तुजी. न्हाय मास्तर, तिच्याकडं बघू नका आता. पुस्तक पिशवीत घाला, आन निघा.