देशमुखांबरोबर जंगलात

सांगतो ना, सिंगापुरात मॉलमध्ये कुणी अनोळखी माणूस हसून ‘पुण्याचे का?’ विचारायला लागला, की हा काहीतरी गळ्यात मारणार हे मी धरूनच चालतो. सेरंगून भागातल्या मॉलमध्ये भेटलेल्या देशमुखांनी तर पहिल्याच भेटीत आम्हाला रविवारी जंगलात फिरायला बोलावलं. “सहकुटुंब या, वाट सोपी आहे.”

मी बायकोला म्हटलं, “हा विमा नाहीतर साबण विकणार, आणि आपल्यालाही विकायला लावणार.”

वाटेत देशमुख म्हणाले, “एक सांगू का?”

“आमचा विमा आहे.”

थोड्या वेळाने पुन्हा, “अहो, महत्त्वाचं आहे...”

“साबणही भरपूर आहे.”

तेवढ्यात मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, “बाबा, मंकी लाह!” माझ्या हातातली थालीपिठांची पिशवी हिसकावून माकड झाडावर पसार!

“तेच सांगत होतो,” देशमुख म्हणाले. “पिशवी सॅकमध्ये ठेवा.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर त्यांनी स्वतःच्या डब्यातल्या पुऱ्या आम्हाला वाढल्या. निघताना ते म्हणाले, “पुढच्या रविवारी घरी चहाला या.” बायकोच्या आधी मीच हो म्हटलं.

“छान! येताना ओळखीची आणखी दोन जोडपी आणा. प्रेझेंटेशन वीसच मिनिटांचं आहे.”