डोलीची पुढची बाजू

(महाड. एका रुग्णालयातला पुरुषांचा वॉर्ड, दुपार. पलंगावर चांगू, शेजारी स्टुलावर पाचाडहून आलेला भागोजी. दोघं रायगडावर पाहुण्यांची डोली वाहतात.)

चांगू: पुन्यांदा सांग. रविवारी पायथ्याला डोल्या किती होत्या?

भागोजी: नऊ. आपली धरून.

चांगू: आनि मानसं?

भागोजी: छत्तीस. डोलीला चार. दोन बांबूखाली, दोन पालटायला. तुला काय नवीन हाय का ते?

चांगू: म्हंजे आपल्या डोलीला पन चार.

भागोजी: हां.

चांगू: सदू एक, रावजी दोन, तू तीन. मी हितं पडलोय हाताला सुई लावून. चौथा कोन?

भागोजी: मोसंबी सोलू का?

चांगू: भागोजी.

भागोजी: पांडू.

चांगू: मुंबईला कुरिअरच्या गाडीवर फिरायचा, तो पांडू?

भागोजी: गाडी सोडून गावी आलाय. मोकळाच होता.

चांगू: पुढं कोन चालतो?

भागोजी: पुढं तो. मागं मी.

चांगू: माझ्या जागेवर.

भागोजी: पुढची बाजू काय वाऱ्यावर सोडायची का रे?

चांगू: सदूला घ्यायचा पुढं. रावजीला घ्यायचा.

भागोजी: त्यांची जोडी फोडली तर दोघं रुसतात. तुला म्हाईत हाय.

चांगू: आपली फोडली तर कोन रुसत नाय, असं. अठरा वर्सं माझी पाठ बघून चाललास तू. पावलं जुळतात का त्याची?

भागोजी: जुळतात.

चांगू: येवढ्या लवकर?

भागोजी: उंचीला तुझ्यायेवढाच हाय.

चांगू: चढताना बोलतो?

भागोजी: पाहुन्यांशी हिंदीत बोलतो. 'डरो मत आंटी, अपना रोज का काम है.' रोजचं म्हने, तीन आठवडे झाले नायत अजून. बायका हसतात. वर पोचल्या की त्याच्यासंगती फोटो काढतात.

चांगू: माझ्यासंगती कधी कोनी काढला नाय.

भागोजी: तू तोंड असं करायचास, जसं त्यांनी तुझी म्हैस सोडून नेलीय.

चांगू: खांद्यावर काय घेतो?

भागोजी: टावेल.

चांगू: कोनाचा?

भागोजी: खुंटीला होता तो.

चांगू: माझा. बोल ना, माझा.

भागोजी: धुऊन ठेवायला सांगितलाय त्याला.

चांगू: सांजच्या गाडीनं येतो मी तुझ्यासंगती. शनवार-रविवार गर्दी हाय. पांडूला सांग, दुसरी डोली बघ म्हनावं.

मानसी: कोण जातंय सांजच्या गाडीनं?

चांगू: ह्या मानसी मॅडम, माझा व्यायाम घेतात. मॅडम, हा भागोजी. माझा जोडीदार. होता.

मानसी: बरं झालं आलात, काका. तुम्हीच समजवा यांना. यांच्या शरीरातली रोगाशी लढायची ताकद यांच्याच स्नायूंवर उलटलीय, म्हणून स्नायूंना सूज आहे. सलाइनमधलं औषध झालं, आता गोळ्या चालू आहेत. त्या मधेच सोडल्या तर जिवावर बेतू शकतं.

चांगू: सोडतो कुठं? गोळ्या पाचाडला पन गिळता येतात.

मानसी: येतात का? सकाळी साधं पाणी पिताना ठसका लागला तुम्हाला. घशातसुद्धा स्नायूच असतात. घास चुकून फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. या आजारात माणूस दगावतो तो पुष्कळदा त्यामुळेच. गिळणं सुधारेपर्यंत डॉक्टर सर सोडणार नाहीत.

भागोजी: ठसक्याचं मला नाय बोललास.

चांगू: तू पांडूचं बोललास?

मानसी: अजून एक माझ्या डोक्यातून जात नाहीये. चांगूकाका म्हणतात, त्रास गणपतीनंतर सुरू झाला. म्हणजे तीन महिने. पण यांच्या मांड्या आणि दंड ज्या मानाने झिजलेत, ते तीन महिन्यांचं वाटत नाही.

चांगू: तीनच. आधी उंबऱ्यावर पाय उचलेना, मग टोपी घालायला हात वर जाईना. गनपतीच्या आधी मी ठनठनीत होतो. ह्यालाच विचारा. उलट हाच मागं धापा टाकायचा. महादरवाजा येईपर्यंत ह्याला तीनदा टेकायला लागायचं. म्हातारा झालास, रोपवेनं जात जा, असं म्हनायचो मी.

भागोजी: सगळ्यांसमोर म्हनायचास.

मानसी: तुम्हाला छातीचा काही त्रास आहे का, काका?

भागोजी: नाय.

मानसी: मग दम का लागायचा?

चांगू: वय झालं म्हन की. लाजतोस कशाला?

भागोजी: खुर्ची मी मागं बांधायचो.

मानसी: मागं म्हणजे?

भागोजी: बांबूला मधोमध खुर्ची टांगायची असते, बाय. मी दोरी माझ्याकडं सरकवायचो. आधी वीतभर. मग हातभर.

मानसी: म्हणजे पुढच्या खांद्यावरचा भार कमी व्हायचा आणि तेवढा तुमच्यावर यायचा.

भागोजी: हां.

चांगू: कवापासून?

भागोजी: शिमग्यापासून. पालखी नाचवताना तुझा खांदा खाली गेला. तू म्हनालास, पाय घसरला. मी मागंच होतो. पाय नव्हता घसरला.

चांगू: आनि मला बोलला नायस.

भागोजी: बोललो असतो तर तू बांबू टाकून घरी बसला असतास. मला दुसऱ्या कोनाच्या मागं चालायचं नव्हतं.

चांगू: सदू-रावजीला म्हाईत होतं?

भागोजी: दोरी तेच आवळायचे ना माझ्यासंगती.

चांगू: म्हंजे मी रोपवेचं बोलायचो तवा तुम्ही तिघं मनात हसत होता.

भागोजी: कोन हसत नव्हतं रे.

मानसी: शिमगा म्हणजे मार्च. नऊ महिने झाले.

चांगू: तीन काय, नऊ काय. औषध तेच ना?

मानसी: नाही. सूज जितकी जास्त दिवस राहते तितका स्नायू झिजतो, आणि झिजलेलं सगळं परत येतंच असं नाही. सरांनी आजार तीन महिन्यांचा धरून एकाच औषधावर ठेवलं होतं. मला त्यांना सांगावं लागेल. बहुतेक दुसरं औषध जोडतील. मुक्काम वाढेल.

भागोजी: म्हंजे मी भार घेतला, त्यानं ह्याचं वाईट झालं.

मानसी: तसं नाही म्हटलं मी.

भागोजी: मी विचारतोय, बाय.

मानसी: आधी आले असते तर जास्त ताकद परत आली असती. किती, ते आता मोजता येणार नाही.

भागोजी: बरं.

चांगू: पांडू पुढं असला की खुर्ची कुठं बांधतोस?

भागोजी: सोड ना ते.

चांगू: कुठं बांधतोस?

भागोजी: मधोमध.

चांगू: मधोमध.

भागोजी: हां.

चांगू: म्हंजे तो निम्मं उचलतो.

भागोजी: निम्मं.

चांगू: मॅडम, तुमचं ते हात धरून ठेवायचं असतं ना, ते घ्या आता. मिनिटभर धरला तर मी घरी जानार.

मानसी: घरी सोडायचं मी ठरवत नाही, काका.

चांगू: मी ठरवतो. धरला तर जानार. नाय धरला तर हितं ऱ्हानार, दुसरं औषध पन घेनार, तुम्ही सांगाल ते करनार. आनि ह्यालापन मोजा.

भागोजी: मला कशाला? मला काय झालंय?

चांगू: बस माझ्या बाजूला. आनि ऐक. माझा हात खाली आला म्हनून तुझा आनायचा नाय. मी बघनार हाय.

भागोजी: चांगू, कशाला रे…

चांगू: वीतभर नाय, बोटभर पन नाय. मला एकदा बघू दे.

मानसी: दोघंही पाठ टेकू नका. उजवा हात बाजूला, खांद्याच्या रेषेत. कोपर सरळ. तळवा खाली. तयार?

भागोजी: हां.

मानसी: सुरू.

चांगू: पांडू किती धरंल रे?

भागोजी: बोलू नको. दम जातो.

चांगू: सांग ना.

भागोजी: बोलू नको, चांगू.

मानसी: चांगूकाका, हात खाली आला तुमचा. सतरा सेकंद.

चांगू: मॅडम, घड्याळ बंद करू नका. ह्याचा वरच हाय.

भागोजी: बास झालं आता.

चांगू: धर.

मानसी: भागोजीकाका, दोन मिनिटं चार सेकंद.