डोळे मिटून लिहिलेलं

“‘जाग आली की आधी लिहायचं, मगच डोळे उघडायचे.’ तुझ्या आईनंच लावलेली सवय आहे ही.”

डोळ्यांच्या दवाखान्यात मी ओठांतल्या ओठांत रोजचा जप करत बसले होते. शेजारच्या बाकावर हे बापलेक बोलत होते.

“अहो बाबा, पण ही वही वाचणार कोण? एक ओळ दुसरीच्या डोक्यावर चढून बसलीय. स्वप्नं फोनवर टाईप करा ना, अक्षरं हवी तेवढी मोठी होतात.”

“केलं की परवा. ‘द’ सापडेपर्यंत स्वप्न पसार!”

“आणि हे वाचता येतं तुम्हाला?”

“मला कुठलं! तुझी आई वाचायची, चहा पिता पिता. खो खो हसायची.”

“मग आता कशाला लिहिता?”

“आता स्वप्नात तीच येते. काय बोलली ते दिवसभरात विसरून जातो गं.”

मुलीनं वही मिटून जवळ घेतली.

“हातानंच लिहा, बाबा. मी शिकते वाचायला.”

“तिला वर्ष लागलं होतं.”

“लागू दे. सुरुवात कुठून करू?”

“तुझं नाव शोध. पानापानावर आहे. आल्या आल्या तुझंच विचारते ती.”

तेवढ्यात वडिलांना आत बोलावलं. नर्सचा हात धरून ते गेले.

मुलीनं वही मांडीवर उघडली, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं, आणि तिचेही ओठ हलू लागले.