दुरपदानं अर्धा टाकलेला चुडा

ऐका. शेंगा फोडता फोडता ऐका, हात थांबवू नका. माझ्यानं आता जोरात बोलवत नाही, तेव्हा जरा जवळ सरका.

दुरपदा कासारीण तुमच्यातल्या म्हाताऱ्यांनी पाहिलेली. नवरा पायानं अधू, म्हणून बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन हीच सात वाड्या फिरायची. एका कार्तिकात माळवाडीच्या लग्नघरी नवरीचा चुडा भरून निघता निघता तिला अंधार पडला. बायकांनी राहा म्हटलं. ही म्हणाली, रात्र परक्या दारात काढून उद्या परत तेवढंच चालायचं, त्यापेक्षा आज गेलेलं बरं. खरं सांगू, तिला माणसांचाच कंटाळा आला होता. पाय दुखत होते, मान आखडली होती. सडकेनं तीन कोस, जांभळीच्या ओढ्यातनं दीड. उतरली ती ओढ्यात.

आता कासारणीचा धंदा कसा, बघा. बाईचा हात मांडीवर घ्यायचा, दाबून दाबून सैल करायचा, अन् एकेक बांगडी चढवायची. हात सैल पडला की तोंडही सैल पडतं. सासू छळते, नवरा बोलत नाही, पोटात पोर राहत नाही, सगळं दुरपदाच्या कानात. ती ऐकायची, हूं हूं करायची. स्वतःचं कधी कुणाला बोलली नाही. अन् तिचं होतं की. डोंगराएवढं होतं.

त्या रात्रीच्या चार वर्षांमागं तिची एकुलती एक लेक, हौसा, सासरी बाळंतपणात अडली. सांगावा आला तेव्हा दुरपदा एका नवरीला हिरवा चुडा भरत होती. एक हात भरून झाला होता, दुसरा रिकामा. नवरीचा चुडा अर्धा टाकून कासारीण उठत नाही. उठली तर नवरीचा संसार अर्धा राहतो, असं त्यांच्यात मानतात. दुरपदानं दुसरा हात भरला अन् मग पळाली. हौसा गेली, पोटातलंही गेलं. गाव म्हणालं, आई पोचायच्या आतच गेली बिचारी. दुरपदानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तेव्हापासून वाटेनं एकटी चालताना पुटपुटायची. सांगावा आला, दुसरा हात भरला, धावत सुटले. तिथं थांबायची अन् पुन्हा पहिल्यापासून. घाण्याचा बैल फिरतो बघा, तसं.

तर ओढा. आधी काय झालं, वाट संपेना. एक वाकडी जांभळ मागं पडली, थोडं चालली, तर पुढं पुन्हा तीच जांभळ. पुन्हा चालली, पुन्हा तीच. तिला वाटलं, दमलेय, डोळे फसवतायत. मग मागून बांगड्या किणकिणल्या. पेटीतल्या असतील म्हणून तिनं पेटी उतरवली, छातीशी दाबून धरली. किणकिण चालूच. अन् जांभळीच्या बुंध्यामागनं एक हात पुढं आला. नुसता हात. गोरा, भरलेला, अन् मनगट रिकामं.

"कासारीणबाई, मला चुडा भर की."

पळायचं ना? तुम्ही म्हणाल, आम्ही पळालो असतो. अरे बाबांनो, दमलेलं माणूस पळत नाही. दमलेलं माणूस खाली बसतं. दुरपदा बसली. जन्माची सवय, समोर हात आला की मांडीवर घ्यायचा. हात थंडगार. एक बांगडी चढवली, दुसरी चढवली. पाच झाल्या, दहा झाल्या. बघते तो मनगट रिकामंच. बांगडी चढवली की नाहीशी व्हायची, पाण्यात मीठ विरावं तशी. पेटी मात्र हलकी होत चालली. अन् प्रत्येक बांगडीगणिक तो हात तिला बसल्या जागेवरून पुढं ओढत होता, ओढ्यातल्या डोहाकडं. पावलं पाण्याला लागली तेव्हा तिला कळलं.

उठायला गेली तर अंधारातनं आवाज आला. हौसाचा. हुबेहूब.

"आई, अर्धा चुडा टाकून उठतीस? तवा तर उठली न्हाईस."

बाळंतपणात गेलेली बाई वाटेवर अडकते, तिला अळवंतीण म्हणतात, तुम्हाला ठाऊक आहे. चार वर्षं दुरपदाला हीच धास्ती होती, की माझी लेक अळवंतीण होऊन कुठंतरी हिंडत असेल. अन् आता ती समोर होती. तिला वाटलं, जाऊ दे. लेकीनंच बोलावलंय तर जाते. सुटेन एकदाची. खोटं कशाला सांगू, तिनं मला स्वतः सांगितलं, त्या पाण्याचा तिला मोह पडला होता.

गुडघ्याएवढं पाणी झालं. तरी पेटी काखेला मारून ती बांगड्या चढवतेच आहे. आवाज बोलतोच आहे. सकाळधरनं हाका मारत हुते आई, तू आलीस तवा मी थंड पडले हुते.

अन् इथं दुरपदाचा हात थांबला.

"न्हाई," ती म्हणाली. "थंड न्हवतीस तू."

त्या हातानं हिसका दिला. चुडा भर, चुडा भर, एवढंच आवाज म्हणायला लागला.

"मी आले तवा तू जित्ती हुतीस. माज्याशी बोललीस. काय बोललीस ते सांग."

आवाज गप्प. बघा हं, अळवंतिणीला गावानं म्हटलेलं ठाऊक होतं, दुरपदानं वाटेवर पुटपुटलेलं ठाऊक होतं. पण पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. हौसाच्या बाळंतखोलीत त्या घडीला दोघीच होत्या. एक गेली अन् दुसरीनं तोंड उघडलं नाही. दुरपदाला कळलं, ही माझी लेक नव्हे. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिनं ते सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा, शेवटापर्यंत.

"माजी हौसा म्हणाली, लई उशीर लावलास आई. मी म्हणले, नवरीचा चुडा हुता गं. तिनं डोळं मिटलं. मला वाटलं, रागावली. मग तिनं हात पुढं केला. म्हणाली, जरा दाब, बांगड्या भरताना दाबतीस तसा. तुज्यावानी कुणाला येत न्हाई. मी दाबत बसले. हात सैल पडला. लई सैल पडला."

तेव्हा आवाज हौसाचा राहिला नाही. घोगरा झाला, जुनाट झाला. हातानं दुरपदाचं मनगट आवळलं अन् तिला डोहात खेचलं. नाकातोंडात पाणी गेलं. पण तिच्या स्वतःच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, त्या आवळण्यानं पिचल्या, काचा त्या हातात घुसल्या अन् पकड क्षणभर ढिली पडली. तेवढ्यात ती सुटली. पेटी पाण्यात, चुडा अर्धा. उभ्या जन्मात पहिल्यांदा ती अर्धा चुडा टाकून उठली अन् चालायला लागली. पळायची ताकदच नव्हती. मागून हाका येत होत्या, ही तोंडानं हौसाचं सांगत चालली, पुन्हा पहिल्यापासून, पण आता शेवटापर्यंत. ती वाकडी जांभळ काही पुन्हा आडवी आली नाही.

उजाडता उजाडता आमच्या दारात येऊन बसली. मी तेव्हा नवी सून. मनगट काळंनिळं, लुगड्यातनं पाणी गळतंय. चहा दिला, तो तसाच निवून गेला. तिनं सगळं मला सांगितलं. मी बसले शेजारी. तिचं दुःख काही कमी झालं नाही, तसं होत नसतं. मरेपर्यंत हौसाचं नाव निघालं की डोळे भरायचे. पण आधी ती उशिरापाशीच अडकायची, आता त्याच्या पुढं लेकीनं दाबायला पुढं केलेला हातही तिला आठवायचा. नंतर नंतर बायका आपलं सांगायला लागल्या की हीसुद्धा आपलं सांगायची. दोघी रडायच्या, बांगड्या भरून व्हायच्या, दोघी कामाला लागायच्या.

अशी ती वाट. अजून आहे. जांभळ आहे, डोह आहे. कुणी जाऊ नका तिकडनं, दिवेलागणीनंतर तर नकोच. सडकेनं जा, लांब पडलं तरी पडू दे.

अन् ठकू, मी तुला बोलतेय. नवरा जाऊन दोन महिने झाले तुझा. रोज सांजचं शेतावरून तू त्याच वाटेनं येतेस, एकटी, अन् ओठ हलत असतात तुझे. मी ओसरीवरून बघते. सगळे म्हणतात तिला छेडू नका, आपोआप सावरेल. मी नाही म्हणत तसं. उद्यापासून सडकेनं ये. अन् आता ते सूप ठेव खाली, इकडं ये माझ्याजवळ. मला झोप येत नाही, मला कुठं जायचंही नाही. सांग. कितीही वेळ लागू दे, पण मधे थांबू नको.