आईच्या पोळ्या आणि बायकोचे क्रॅकर्स

ऐका, आमच्याच घरातलं सांगतो. त्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या, पाचोडच्या विहिरी आटल्या, म्हणून आईला मी इथं शहरात आणलं. ती रोज पोळ्या लाटायची. माझी बायको ताटातली पोळी हळूच माझ्याकडं सरकवायची आणि नंतर खोलीत जाऊन पाकिटातले ग्लुटेन-फ्री क्रॅकर्स खायची. गव्हानं तिचं पोट बिघडायचं, डॉक्टरांनी गहू बंदच केला होता. पण आईला सांगायचं धाडस आम्हा दोघांनाही होत नव्हतं.

एका दुपारी आईनं तिला क्रॅकर्स खाताना पकडलंच. "माझ्या हातचं गोड लागत नाय व्हय तुला?"

बायको रडकुंडीला आली. "तसं नाही, आई. मला गहू चालत नाही. हे ज्वारीचे आहेत. तुम्ही एवढ्या हौसेनं पोळ्या करता, कसं सांगणार?"

आईनं एक क्रॅकर उचलला, सावकाश चावून खाल्ला.

"मला कुठली आलीय पोळ्यांची हौस? माझा जन्म भाकरी थापण्यात गेला. शहरातल्या सुनेला भाकर चालायची नाय, म्हणून लाटत होते."